पेटीत हाड नव्हते

आपल्या वाङ्मयाने बाणाविषयी पुष्कळ लिहिले आहे, पण ते बहुतेक बाण लागेपर्यंतचे. झाडावरच्या पक्ष्याचा डोळा, वर फिरणारा मासा आणि खाली पाण्यातले त्याचे प्रतिबिंब, आवाजाच्या रोखाने मारलेला शब्दवेधी शर, या साऱ्या प्रसंगांत कसोटी लागते ती नेमाची. नेम साधला की प्रसंग संपतो. 'रामबाण' हा शब्द तर लक्ष्य न चुकण्याचा असा काही पर्याय झाला, की युद्धभूमी सोडून तो औषधांच्या जाहिरातींत जाऊन बसला. महाभारताच्या युद्धपर्वांत बाणांची नावे येतात, क्षुरप्र, भल्ल, अर्धचंद्र, नाराच, आणि त्या नावांतून टोकांचे आकारही डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु हाडावर आदळलेल्या भल्लाचे पाते वाकले की तुटले, हा प्रश्न कवीला पडत नाही. पडण्याचे कारणही नाही. ज्याचा भाता अक्षय आहे, त्याने मोडलेले बाण मोजायचे कशासाठी?

हा प्रश्न ज्यांना पडला ते शिकारी होते, आणि तो त्यांनी कवितेत न विचारता मोजपट्टी हातात घेऊन विचारला. मोठ्या जनावराच्या शिकारीसाठी रुंद पात्याचा जो बाण वापरतात त्याच्या टोकाला इंग्रजीत ब्रॉडहेड म्हणतात. हे टोक कातडी, मांस आणि हाड भेदून जाताना टिकते का, याच्या परीक्षांचा एक छोटासा इतिहास आहे. त्यातील दोन परीक्षा आम्ही येथे वाचणार आहोत. एक विसाव्या शतकाच्या आरंभीची, सॅन फ्रान्सिस्कोची. दुसरी १९८० च्या दशकातली, दक्षिण आफ्रिकेतील नाताळची. 'वाचणार आहोत' हा शब्द आम्ही जाणून वापरतो. आम्ही शिकारी नाही. आपल्या देशात वन्य प्राण्यांच्या शिकारीवर १९७२ च्या कायद्याने बंदी आणली आणि ती असावी असेच आमचे मत आहे. पण परीक्षा हाही एक रचलेला मजकूर असतो. त्यात काय ठेवले आणि काय वगळले, यावर त्याचा अर्थ ठरतो. वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला तेथे शिरण्याचा अधिकार आहे तो एवढ्यामुळेच.

सॅक्स्टन पोप हा सॅन फ्रान्सिस्कोतील शल्यविशारद, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेत शिकवणारा. त्या शाळेच्या शेजारीच विद्यापीठाचे मानववंशशास्त्राचे संग्रहालय होते, आणि १९११ च्या शरदापासून त्या संग्रहालयात एक माणूस राहत होता. त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस ओरोव्हिल गावाच्या कत्तलखान्यापाशी तो उपाशी, एकटा सापडला होता. तो याही जमातीचा. सोन्याच्या शोधात आलेल्या वसाहतवाल्यांनी आणि नंतरच्या गुरेवाल्यांनी १८६० च्या दशकात या लोकांच्या कत्तली केल्या. उरलेली मूठभर माणसे डियर क्रीक आणि मिल क्रीकच्या दऱ्यांत चाळीसएक वर्षे लपून राहिली. १९०८ साली जमीन मोजणाऱ्यांची एक तुकडी त्यांच्या शेवटच्या वस्तीवर जाऊन थडकली आणि तेथील कामाच्या वस्तू उचलून घेऊन गेली. आजारी आई मागे राहिली होती. त्यानंतर तीन वर्षांनी तो एकटाच बाहेर आला.

त्याने आपले नाव कोणालाही सांगितले नाही. त्याच्या लोकांत स्वतःचे नाव परक्यापुढे उच्चारण्याची रीत नव्हती. (नवऱ्याचे नाव उखाण्यात लपवून घेणाऱ्या समाजाला हे समजायला अवघड जाऊ नये.) वृत्तपत्रांना मात्र नाव हवे होते, तेव्हा आल्फ्रेड क्रोबर या मानववंशशास्त्रज्ञाने त्याला 'इशी' म्हटले. त्याच्या भाषेत त्याचा अर्थ 'माणूस'. ओळख म्हणून आपणही तेच वापरतो, पण ते नाव नव्हे हे विसरू नये.

पोप त्याचा वैद्य होता, मग मित्र झाला आणि नंतर शिष्य. इशीकडून तो धनुष्य करायला, बाण करायला आणि सोडायला शिकला. हे नाते उलट्या एकलव्याच्या कथेसारखे दिसते खरे. आम्हालाही तो मोह झाला होता. पण येथे अंगठा कोणी मागितला नाही. जे घेतले गेले ते निराळे होते, आणि त्याकडे आपण पुढे येऊच.

पोपने या विद्येवर तीन गोष्टी लिहिल्या. १९१८ साली याही धनुर्विद्येवरचा प्रबंध, १९२३ साली धनुष्यबाणांचा तौलनिक अभ्यास आणि त्याच वर्षी धनुष्यबाणाने शिकार करण्यावरचे पुस्तक, जे अमेरिकेतील आधुनिक धनुर्धारी शिकारीचा मूळग्रंथ मानले जाते. या पुस्तकात एक प्रसंग आहे. जुन्या इंग्रजी लढायांत वापरत त्या जातीचे अणकुचीदार पोलादी टोक चिलखत भेदते का, हे पाहण्यासाठी पोपने संग्रहालयातून पंधराव्या शतकातले, दमास्कसचे, कड्यांचे चिलखत मागून आणले. वजन पंचवीस पौंड, म्हणजे सुमारे अकरा किलो. संग्रहालयाचा एक सेवक ते अंगात घालून उभा राहायला तयार झाला. सुदैवाने पोपने त्याला नकार देऊन चिलखत एका लाकडी पेटीवर चढवले आणि सात यार्डांवरून बाण सोडला. कड्यांतून ठिणग्या उडाल्या. टोक पाठीच्या जाड भागातून आरपार गेले, लाकडात घुसले आणि पलीकडच्या बाजूने चिलखत फुगवून थांबले. सेवकाचा चेहरा पांढराफटक पडला. पोप हे विनोदाने सांगतो, आणि वाचणाराही हसतो. पण हसून झाल्यावर एक गोष्ट लक्षात राहते: परीक्षेसाठी माणूस उभा राहायला तयार होता, आणि त्याच्या जागी पेटी आली.

पेट्या पुढेही येतात. दगडी टोक चांगले की पोलादी, हा पोपचा खरा कुतूहलाचा विषय. दगड म्हणजे येथे ऑब्सिडियन, ज्वालामुखीची नैसर्गिक काच, काळी आणि चकचकीत. पोपने एक पेटी घेतली, तिच्या बाजूंना हरणाचे कातडे ताणून बसवले, आत गाईचे काळीज भरले आणि दोन्ही जातींचे बाण त्यावर सोडले. निकाल अनपेक्षित लागला. दगडी टोकाचा बाण पोलादी टोकाच्या बाणापेक्षा बराच खोल गेला. कारण उघड आहे: ऑब्सिडियनची धार निसर्गतःच इतकी पातळ फुटते, की घासून आणलेली पोलादी धार तिच्यापुढे बोथट ठरावी, शिवाय टवके काढताना कडेला येणारे दाते मांस करवतीसारखे कापत जातात. ज्याला सारे जग मागासलेला म्हणत होते त्याचे हत्यार यंत्रयुगाच्या हत्याराहून सरस ठरले. पोपने हे लपवले नाही, उलट आनंदाने नोंदवले, याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

तथापि पेटीत काय होते ते पुन्हा पाहावे. कातडे होते, काळीज होते, हाड नव्हते.

ऑब्सिडियन कठीण आहे पण चिवट नाही. मांसात ते वस्तऱ्यासारखे चालते आणि बरगडीवर बसले की काचेसारखे फुटते, कारण ते काचच आहे. पोलादाची धार त्याच्या खालची, पण पोलाद वाकते, घासले जाते, पुन्हा परजता येते. म्हणजे पेटीने उत्तर दिले ते धारेच्या प्रश्नाचे. टिकाऊपणाचा प्रश्न तिने ऐकलाच नाही. पोप शल्यविशारद होता, बाणाने प्राणी मरतो तो रक्तस्रावाने असे त्याचे म्हणणे होते, आणि रक्तस्राव हा धारेचा विषय आहे. त्याची पेटी त्याच्या व्यवसायाने रचलेली होती. आणि स्वतः शिकारीला निघाला तेव्हा, १९२० साली कॅलिफोर्निया विज्ञान अकादमीसाठी ग्रिझली अस्वले मिळवायला आर्थर यंगसह यलोस्टोनमध्ये गेला तेव्हा, आणि १९२५ साली आफ्रिकेत सिंहांच्या मागे गेला तेव्हा, त्याच्या भात्यात पोलाद होते. पेटीतला निकाल दगडाच्या बाजूने, आणि जिवावर बेतण्याचा प्रसंग आला की निवड पोलादाची. या विसंगतीत आम्हाला खोटेपणा दिसत नाही. परीक्षेच्या बाहेर हाड असते हे त्याच्या हाताला ठाऊक होते, लेखणीने मात्र ते पेटीत घातले नाही.

आणखी एक गोष्ट पेटीतून निसटली. 'दगड विरुद्ध पोलाद' ही मांडणी ऐकली की दोन युगे समोरासमोर उभी असल्याचा भास होतो. इशीच्या हातात ही युगे अशी वेगळी नव्हती. संग्रहालयात बसून त्याने केलेली कितीतरी टोके बाटल्यांच्या काचेची आहेत, आणि टवके काढायला तो हरणाच्या शिंगाबरोबर लोखंडी खिळाही वापरत असे. लपून राहिलेल्या त्याच्या लोकांना वसाहतवाल्यांच्या टाकाऊ बाटल्या आणि लोखंडाचे तुकडे कधीच परिचयाचे झाले होते. बाटली, खिळा, शिंग, स्नायूचा दोरा हे सारे एकाच बाणात एकत्र येई. अश्मयुगाचा अखेरचा माणूस म्हणून ज्याला प्रेक्षक पाहायला येत, तो आपल्या शत्रूच्या कचऱ्यातून आपले हत्यार घडवणारा, अगदी समकालीन कारागीर होता. १९९० च्या दशकात स्टीव्हन शॅक्ली या पुरातत्त्वज्ञाने त्याच्या टोकांचे आकार तपासून असे सुचवले, की ते याही घडणीपेक्षा शेजारच्या विंटू-नोमलाकी घडणीला जवळचे आहेत. तेव्हा 'अखेरचा शुद्ध याही' हेही प्रेक्षकांच्या मनातलेच चित्र असावे.

ती टोके तो कशी करी, याचे पोपने केलेले वर्णन आमच्या मते त्याच्या साऱ्या लेखनातील सर्वोत्तम भाग आहे. तळहातावर चामड्याची घडी, तीवर काचेचा किंवा ऑब्सिडियनचा तुकडा, आणि उजव्या हातातील हत्याराच्या अणीने कडेवर दाब देत एकेक टवका खाली उडवायचा. टवके डोळ्यांत जात. तसे झाले की इशी डाव्या बोटाने खालची पापणी ओढून धरी, मान खाली घाली आणि उजव्या हाताने स्वतःच्या टाळूवर सणसणीत चापट मारी; टवका खाली पडे आणि काम पुढे चालू होई. रविवारी संग्रहालयात येणाऱ्या प्रेक्षकांपुढेही तो हे काम करी.

टिकाऊपणाविषयी इशीचे मत कोणी विचारले नाही. पण त्याच्या बाणाची घडण बोलते. बाणाची काठी एका लाकडाची, आणि तिच्या पुढे जड, कठीण लाकडाचा एक वेगळा तुकडा बसवून त्याला टोक बांधलेले. टोक फुटले तर टोक बदलावे, पुढचा तुकडा गेला तर तो बदलावा, काठी राहते. जो एका बैठकीत दुसरे टोक करू शकतो त्याच्यासाठी टोकाचे फुटणे हे अपयश नसते. जात्याची टाकी लावावी लागते तसा तो वापराचाच भाग असतो. त्याचा टिकाऊपणा वस्तूत नव्हता, हातात होता. पुणे परिसरातील माळांवरून दामोदर धर्मानंद कोसंबींनी गोळा केलेली इवली दगडी पाती आठवावीत. गारगोटीच्या जातीचे हे तुकडे खाचेत ओळीने बसवायचे, एक गेले तर दुसरे. तीही अशाच हातांची निशाणी आहे.

हा हात एकच उरला होता, ही गोष्ट वेगळी. आणि ती फार मोठी आहे.

येथून आपण साठएक वर्षे आणि अर्धे जग ओलांडून नाताळला जाऊ. मधल्या काळाविषयी थोडक्यात एवढेच, की पोपच्या पुस्तकाने पेटवलेला छंद अमेरिकेत व्यवसाय झाला, कारखान्यांतून तयार पाती विकली जाऊ लागली, १९५६ साली फ्रेड बेअरच्या कंपनीने बदलता येणाऱ्या जादा पात्याचे टोक बाजारात आणले, आणि १९६१ साली पोप व यंग यांच्या नावाने एक संस्था निघाली. जाहिराती अर्थातच धारेच्या.

नाताळमध्ये प्रश्न वेगळ्या कारणाने उभा राहिला. धनुष्यबाणाने मोठ्या जनावरांची शिकार करायला कायद्याने परवानगी द्यावी का, हे तेथील उद्यान मंडळाला ठरवायचे होते. बाणाने जनावर नीट मरते की जखमी होऊन दिवसेंदिवस तडफडते? डॉ. एड ॲशबी या अमेरिकन धनुर्धराने त्या निमित्ताने म्कुझे अभयारण्यात वेगवेगळ्या टोकांच्या प्रत्यक्ष जनावरांवरील परिणामांच्या नोंदी ठेवल्या, आणि पुढे हेच काम उत्तर ऑस्ट्रेलियातील पाणम्हशींवर कित्येक वर्षे चालवले. या म्हशी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आशियातून तिकडे नेलेल्या आणि नंतर रानटी झालेल्या. त्यांच्या बरगड्या रुंद, जवळजवळ एकमेकींवर चढलेल्या, त्यामुळे हाड चुकवून आत जायला वाटच नाही. ॲशबीचा आग्रह असा, की फोम, जिलेटिन, लाकडी फळ्या यांवरचे निकाल जनावराच्या देहाविषयी काही सांगत नाहीत. पेटी त्याने नाकारली. हाड परीक्षेत आले.

आणि हाड येताच गुणांची उतरंड बदलली. ॲशबीच्या यादीत बाण आत शिरण्याला कारण होणाऱ्या गोष्टींत पहिला क्रमांक आहे तो बाणाच्या एकसंध टिकण्याला. टोक वाकले, पाते तुटले, टोकामागची काठी फुटली, की धार, वेग, धनुष्याचा जोर, काहीच कामाचे नाही. वाकलेले पाते आत जाण्याऐवजी नांगराच्या दबलेल्या फाळासारखे बाजूला ओढत राहते. दुसरा क्रमांक बाण सरळ उडण्याला. मग वजन पुढच्या टोकाकडे असण्याला. रुंद, आखूड पात्यापेक्षा लांब, निमुळते पाते बरे. आणि एकाच अंगाने धार लावलेले पाते हाडात शिरताना वळते व हाड चिरते. वजनाविषयी त्याचा एक निष्कर्ष प्रसिद्ध आहे: बाण ६५० ग्रेनच्या वर गेला की जाड हाड फोडण्याचे प्रमाण एकदम वाढते. ग्रेन हे माप आपल्याला परके वाटते, पण इंग्रजी अमदानीत आपला तोळा १८० ग्रेनचा ठरवला गेला होता. तेव्हा ६५० ग्रेन म्हणजे साडेतीन तोळ्यांहून किंचित जास्त, सुमारे ४२ ग्रॅम. एका म्हशीच्या मरण्याचा आणि तडफडण्याचा फरक एवढ्याशा वजनाभोवती फिरतो.

पोलादाचेही तसेच. अती कठीण केले तर ते ऑब्सिडियनसारखे टवके टाकते, मऊ ठेवले तर गुंडाळते. मधले कुठेतरी थांबावे लागते, आणि कुठे थांबायचे हे कोयत्याला पाणी देणारा लोहार तापल्या लोखंडाचा रंग पाहून ओळखत आला आहे. प्रयोगशाळेने त्याला आकडे दिले एवढेच.

ॲशबीच्या निष्कर्षांवर शिकाऱ्यांत आजही वाद आहेत. हलका, वेगवान बाण मारणारे ते मानीत नाहीत, आणि हरणासारख्या नाजूक हाडाच्या जनावराला एवढा जड बाण हवाच असे नाही, हा त्यांचा आक्षेप अगदीच गैरलागू नाही. आम्हाला त्या वादात पडायचे नाही. आम्हाला दिसते ते असे, की ॲशबीच्या नोंदींत टिकाऊपणा हा शब्द वस्तूचा गुण राहत नाही, तो दुसऱ्याच्या वेदनेचे माप होतो. टोक किती टिकले याचा अर्थ जनावर किती वेळ जगले. पोपच्या पेटीतल्या काळजाला हा प्रश्न विचारताच येत नव्हता, कारण ते आधीच मेलेले होते.

परीक्षा करणाऱ्याने देह कोणता निवडला, हे म्हणूनच पाहावे लागते. आणि त्यासाठी एकदा मागे सॅन फ्रान्सिस्कोला जायला हवे. २५ मार्च १९१६ रोजी इशी क्षयाने गेला. क्रोबर तेव्हा न्यूयॉर्कला होता. देहाची चिरफाड होऊ देऊ नये, असे त्याने पत्राने तळमळून कळवले होते. पत्र पोचण्यापूर्वीच शवविच्छेदन होऊन गेले होते. मेंदू वेगळा काढून ठेवला गेला, आणि पुढच्या वर्षी स्वतः क्रोबरनेच तो वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे पाठवला. तळमळीने पत्र लिहिणारा आणि बरणी पाठवणारा एकच माणूस होता, हे वाचताना आम्ही दर वेळी अडखळतो. तेथे तो मेंदू जवळजवळ विसरला गेला. उत्तर कॅलिफोर्नियातील आदिवासींनी शोध लावून मागणी केल्यावर २००० साली तो परत मिळाला आणि रक्षेसह त्याच्या मुलखात, गुप्त जागी, पुरला गेला. १९६१ साली क्रोबरची पत्नी थिओडोरा क्रोबर हिने इशीचे चरित्र लिहिले, ते जगभर वाचले गेले. अर्सुला ले ग्विन ही तिची मुलगी. २०२१ च्या जानेवारीत बर्कलीच्या विद्यापीठाने आपल्या इमारतीवरचे क्रोबरचे नाव काढून टाकले.

पोपने आणि इतरांनी त्याच्या अंत्यविधीत त्याच्या रीतीप्रमाणे काही वस्तू त्याच्याबरोबर ठेवल्या होत्या. त्याचे एक धनुष्य, पाच बाण, ओकफळांच्या पिठाची टोपली, शिंपल्यांच्या मण्यांचे नाणे, थोडी तंबाखू. आणि ऑब्सिडियनचे काही टवके. तयार टोके नव्हेत, टवके.